पाच रोबो, एक धूड: कंबाइनर खेळण्यांचा रिव्ह्यू कसा करायचा

पाच गाड्या, त्यांचे पाच रोबो आणि ते पाचही जुळून झालेला एक धिप्पाड रोबो. या खेळण्यांना कंबाइनर म्हणतात. त्यांचे बहुतेक रिव्ह्यू एकाच साच्यातले असतात: मोठा रोबो उभा केला, चार फोटो काढले, ‘एकदम भारी’ लिहिलं, संपलं. इकडे खान्देशात यात्रेतल्या पालावर नातवाचं बोट धरून उभे असलेले आजोबा दुकानदाराला एवढंच विचारत असतात, ‘हाई टिकी का?’ म्हणजे हे टिकेल का. याचं उत्तर द्यायचं तर सांधे तपासावे लागतात, तेही खेळणं एकसंध उभं असताना. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

आधी घराणं ओळखा

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ साली ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे रूप बदलून रोबो होणारी खेळणी, बाजारात आणली. त्यांतले सुरुवातीचे बरेचसे साचे जपानच्या ताकारा कंपनीच्या डायक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांतले होते. १९८५ चा डेव्हास्टेटर हा कंबाइनर पाच नव्हे, सहा बांधकामयंत्रांचा. त्यात प्रत्येकाची जागा ठरलेली: स्क्रॅपर उजवा पाय, मिक्समास्टर डावा पाय, लाँग हॉल कंबर, हुक छाती, बोनक्रशर डावा हात आणि स्कॅव्हेंजर उजवा हात. १९८६ मध्ये सुपेरियन, मेनासॉर, डिफेन्सर आणि ब्रुटिकस हे कंबाइनर आले आणि दुसरी पद्धत रुळली. एक मोठा रोबो धड होतो आणि चार छोटे रोबो हात किंवा पाय, कुठेही बसतात. २०१५ ची कंबाइनर वॉर्स आणि २०१८ ची पॉवर ऑफ द प्राइम्स या मालिका मुख्यतः याच पद्धतीच्या. त्यांत धड व्हॉयेजर आकाराचं, म्हणजे साधारण १७-१८ सेंमी, आणि हातपाय डिलक्स आकाराचे, साधारण १४ सेंमी.

याहून लहान मालही आहे. २००२ च्या मिनी-कॉनमध्ये तीन-तीन चिमुकले रोबो जुळून एखादं शस्त्र व्हायचं, तर जपानात मायक्रोमास्टर नावाचे सहा छोटे रोबो मिळून एक रोबो उभा राहायचा. नवख्याने सुरुवात अशा छोट्या संचापासून करावी असं आमचं मत आहे. खर्च कमी, वजन कमी, आणि चूक कुठे आहे ते लगेच दिसतं.

घराणं ओळखायचं कारण असं की निकष बदलतात. ठरलेल्या जागेच्या संचात उजवा पाय फक्त उजवा पायच होणार, म्हणून तिथे फट किंवा डुगडुग खपवून घेऊ नये. अदलाबदलीच्या संचात तोच रोबो कधी खांद्याला लटकतो, कधी अख्खं धड पेलतो. तिथे थोडी तडजोड अटळ असते, आणि ती किती झाली आहे हे मोजून सांगणं रिव्ह्यू करणाऱ्याचं काम.

खरेदी आणि बॉक्स

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक असतो (बिनविजेच्या खेळण्यांना ९८७३, विजेवर चालणाऱ्यांना १५६४४) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावाचा आहे ते दिसतं. रिव्ह्यूत हे एका ओळीत लिहाच, कारण पालकांना त्याचा उपयोग पेंटच्या छटेपेक्षा जास्त आहे. परदेशातून मागवलेला संच इतका महाग का, असंही वाचक विचारतात. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के, एवढं सांगितलं की पुरतं.

नक्कल असेल तर नक्कल असं स्पष्ट लिहा. नकली मालाचाही रिव्ह्यू करावा, फक्त अस्सल म्हणून करू नये.

बॉक्स उघडण्याआधी चारी बाजूंचे फोटो घ्या. उघडताना खाली फिकट रंगाची चादर अंथरा, कारण या खेळण्यांतल्या पिना आणि स्प्रिंग फरशीवर पडल्या की कपाटाखालीच सापडतात. मग सुटे भाग मोजा. कंबाइनर वॉर्सच्या प्रत्येक डिलक्सबरोबर एक तुकडा येतो, तोच मोठ्या रोबोचा पंजा किंवा पाऊल होतो आणि सुट्या रोबोचं शस्त्रही. हा एक तुकडा हरवला तर मोठा रोबो लंगडा. त्यानंतर डावं-उजवं तपासा. दोन्ही बाजूंना डावीच मांडी बसवलेली, हा कारखान्यातला दोष वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. मांडीवरच्या स्क्रूची भोकं दोन्ही पायांवर मागे किंवा आतल्या बाजूला असायला हवीत. एकाची पुढे आली तर पाय उलटा बसला आहे.

साहित्य फार लागत नाही: ३० सेंमीची स्टीलची पट्टी, ० आणि ०० नंबरचे फुलीचे स्क्रू ड्रायव्हर, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळते ती प्लास्टिकची उचकपट्टी, थोडं सिलिकॉन ग्रीस आणि वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा चालतो. जळगावात सराफी काटा कुणाकडे ना कुणाकडे असतोच, पण इतक्या नेमक्या वजनाची इथे गरज नाही.

सुटा रोबो: घाई नको

गाडीचा रोबो करायचं पहिलं रूपांतर माहितीपत्रक समोर ठेवून करा, तिसरं न बघता. दोन्हींचा वेळ लिहा. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं आणि तिसऱ्या वेळी तीन, तर रचना समजण्यासारखी आहे. तिसऱ्या वेळीही बारा लागत असतील तर मूल दोन दिवसांत ते खेळणं रोबो रूपातच सोडून देईल.

एखादा भाग हलेना तर थांबा. कारणं बहुधा तीनच असतात. आत एखादी खुंटी अजून खाचेत अडकलेली असते. किंवा दोन पत्रे, म्हणजे गाडीच्या बाहेरचे सपाट भाग, एकाच वेळी फिरवायचे असतात आणि आपण एकच ओढत असतो. किंवा बिजागरीत रंग गेलेला असतो, तो चिकटतो. तिसऱ्या प्रकारात जोर न लावता सांधा थोडा थोडा मागेपुढे हलवत सोडवायचा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा प्लास्टिक ताठरतं. खेळणं अर्धा तास उबदार खोलीत ठेवून मगच हात लावा.

रंगीत प्लास्टिकवर बिजागरीजवळ पांढुरकी रेघ उमटली का बघा. नखाने घासून ती जात नाही, उजेडात तिरपं धरलं की तिचा दुधी पट्टा दिसतो. तिथे प्लास्टिक ताणलं गेलं आहे आणि पुढचा तडा तिथेच जाणार. पारदर्शक भागाला हा पट्टा आधी दिसेलच असं नाही, तो थेट तडकतो. म्हणून खिडकीच्या काचेच्या तुकड्यातच बिजागरी दिली असेल तर रिव्ह्यूत त्या जागेचा जवळून फोटो हवाच.

फट मोजायला साधा कागद वापरा. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. गाडीच्या छपराच्या फटीत किती पदर शिरतात ते मोजा: पाच पदर म्हणजे अर्धा मिलिमीटर. ‘थोडी फट आहे’ यापेक्षा ‘छपरात अर्धा मिमी, बॉनेटमध्ये काहीच नाही’ हे वाक्य वाचकाच्या कामाचं.

रोबो रूपात प्रत्येक सांध्याचा प्रकार ओळखून लिहा. गोळीचा सांधा सगळीकडे फिरतो पण झिजतो. पिनेची बिजागरी एकाच दिशेला वळते. रॅचेट खटक्याखटक्याने फिरतो आणि वजन पेलतो. शस्त्र धरायची मूठ बहुतेक नव्या खेळण्यांत ५ मिमीच्या दांड्यासाठी असते. नकलांमध्ये गोंधळ नेमका इथे होतो: दांडा जरासा बारीक, आणि हातातली बंदूक खाली.

मोठ्या रोबोसाठी सुट्या रोबोने काय गमावलं तेही टिपा. २०१५ च्या टायटन आकाराच्या डेव्हास्टेटरची उंची साधारण ४६ सेंमी, पण त्यातल्या सुट्या रोबोंपैकी काहींची कोपरं वळत नव्हती आणि त्यावरून तेव्हा बरीच ओरड झाली. हौशी माणसाला मोठं धूड पुरतं. मूल मात्र दहातले नऊ वेळा सुट्या गाड्याच खेळतं.

जोडणी: इथे वेळ द्या

जोडणी आडवी करा. धड टेबलावर पाठीवर झोपवा, आधी दोन्ही पाय बसवा, मग उभं करा, मग हात, शेवटी डोकं आणि छातीचं कवच. उभ्या धडाला पाय बसवायला गेलात की जोर कमरेच्या रॅचेटवर येतो, आणि खुंटी पूर्ण बसली की नाही तेही दिसत नाही. खुंटी बसल्याचा खटका ऐकू यायला हवा. खटका नसलेल्या रचनेत पट्टीच्या टोकाने फट तपासा. एक मिलिमीटर बाहेर राहिलेली खुंटी सुरुवातीला काही जाणवू देत नाही, पण हात वर केला की सांधा सैल असल्याचा भास होतो आणि रिव्ह्यूत सांध्यावर खोटा आरोप जातो. ढिलेपणाबद्दल लिहायच्या आधी चारही खुंट्या काढून परत बसवा.

हात किंवा पाय झालेल्या रोबोच्या आतही कुलपं असतात. त्याचे स्वतःचे पाय एकमेकांना चिकटायचे, गुडघे खाचेत बसायचे, हात छातीशी दुमडून अडकायचे. यातलं एक जरी सुटलं तर मोठ्या रोबोचा पाय मधूनच वाकतो. तो दोष सांध्याचा की कुलपाचा, हे वेगळं करून सांगा. कुलूप सुटत असेल तर उपाय वेगळा असतो.

आता भार. खांद्याच्या सांध्यावर किती ताण येतो हे काढणं अजिबात अवघड नाही. हात होणाऱ्या रोबोचं वजन करा. मग तो पट्टीच्या कडेवर आडवा ठेवून कुठे तोलतो ते शोधा आणि त्या बिंदूपासून खांद्याच्या खुंटीपर्यंतचं अंतर मोजा. धरा, वजन ८० ग्रॅम आणि अंतर ७ सेंमी. गुणाकार ५६०. त्याच हातात १२ ग्रॅमची बंदूक, खांद्यापासून १५ सेंमीवर. ती १८० ची भर घालते, म्हणजे भार जवळपास एकतृतीयांशाने वाढला. बारक्या बंदुकीने हात का खाली येतो याचं कारण हे. हात पूर्ण आडवा असताना भार सर्वांत जास्त. ४५ अंशांवर, म्हणजे आडवा आणि लोंबता यांच्या मधोमध, तो साधारण सत्तर टक्के उरतो. म्हणून चाचणी आडव्या हातानेच घ्या. रोबोमागे कार्डशीट उभा करून हाताच्या टोकाला पेन्सिलची खूण करा. दहा मिनिटांनी, तासाने आणि दुसऱ्या दिवशी परत बघा. दहा मिनिटांत खाली आला तर सांधा कमजोर. दुसऱ्या दिवशी पाच मिमी उतरला तर चालतंय, पण आकडा लिहा.

रॅचेटचे खटके मोजा. पूर्ण फेऱ्यात बारा खटके म्हणजे एका खटक्याला ३० अंश. कमरेला असा रॅचेट असेल तर पाय फाकवताना एकदम ३० अंशांची उडी पडते, आणि घोट्याला तेवढा तिरका कल नसेल तर पाऊल कडेवर उभं राहतं. चोवीस खटके, म्हणजे १५ अंश, बरेच बरे. पाऊल आणि घोटा ही जागा या खेळण्यांत सर्वांत दुर्लक्षित असते. धडावर पैसा खर्च होतो आणि पाऊल मात्र एका छोट्या दांड्यावर टेकलेलं.

तोल तपासायला ३० सेंमी लांबीची फळी घ्या. तिच्या मधोमध रोबो उभा करा, एक टोक हळूहळू उचला, रोबो पडायच्या क्षणी उंची मोजा. ५ सेंमी उचललं तर कल साधारण साडेनऊ अंश होतो. पुढे, मागे आणि बाजूला, तिन्हीकडे करा. खाली उशी ठेवायला विसरू नका. मागच्या बाजूला लवकर पडणारे संच बरेच असतात, कारण गाड्यांचे उरलेले पत्रे पाठीवर साठतात आणि टाच मात्र आखूड असते.

अदलाबदलीच्या संचात चार रोबो चार जागी बसवण्याचे चोवीस क्रम होतात. सगळे करत बसू नका, दोन पुरेत: माहितीपत्रकातला क्रम, आणि मग हातांचे पाय, पायांचे हात. प्रत्येक रोबो एकदा हात, एकदा पाय होऊन जातो. दोन्ही क्रमांत डाव्या-उजव्या पायाची उंची मोजा. दोन-तीन मिमीचा फरक कमरेच्या सांध्यात मावतो, त्यापुढे रोबो एका बाजूला कलतो.

ढिलं आणि घट्ट

दुरुस्ती चाचणीनंतरच करायची, आणि रिव्ह्यूत आधीची-नंतरची दोन्ही स्थिती द्यायची. नाहीतर तुमच्या हातच्या दुरुस्तीचं श्रेय कारखान्याला जातं.

गोळीचा सांधा ढिला असेल तर गोळी बाहेर काढून तिच्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या आणि रात्रभर पूर्ण वाळू द्या. ओलं असताना बसवलंत तर सांधा कायमचा चिकटेल. पातळ फेविक्विकनेही काम होतं, पण त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरट डाग सोडते. म्हणून खिडक्या-काचा असलेला भाग लांब ठेवा. रॅचेट ढिला असेल तर हा उपाय चालत नाही. तिथे आतली स्प्रिंग कमजोर असते किंवा दात झिजलेले असतात, स्क्रू उघडून बघावं लागतं. स्क्रू जरा सैल झाल्याने सांधा हलत असेल तर पाव फेरा आवळा. अर्धा फेरा नको, प्लास्टिकमधला आटा मोडतो.

घट्ट सांध्याला सिलिकॉन ग्रीस, तेही टाचणीच्या टोकाएवढं. शिवणयंत्राचं तेल घालायची आपल्याकडे सवय आहे. घरात हाताशी असतं, आणि सांधा मोकळाही होतो. पण काही तेलांनी ताणाखालचं एबीएस, म्हणजे या खेळण्यांतलं टणक प्लास्टिक, हळूहळू तडकतं, आणि पिनेभोवतीचं प्लास्टिक कायम ताणाखालीच असतं.

खान्देशी उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. बंद गाडीत उन्हात याहून बरंच जास्त. एबीएसचे टणक भाग यात वितळत नाहीत, पण ताणाखाली धरलेलं प्लास्टिक हळूहळू वाकतं आणि उष्णतेत ते वाकणं वेगाने होतं. हात आडवे करून मोठा रोबो अख्खा मे महिना शोकेसमध्ये ठेवला, तर जूनमध्ये खांद्याचा सांधा आधीसारखा पेलेलच असं नाही. उन्हाळ्यात हात खाली सोडून ठेवा, किंवा सुटे करून ठेवा.

मऊ प्लास्टिकच्या तलवारी, अँटेना, पंजे यांना आधी बाक येतो. ७०-८० अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवा, चिमट्याने काढा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात धरा. हे काम मुलांच्या हाती देऊ नका. रबरी चाकं किंवा मऊ भाग कडक प्लास्टिकला चिकटून बंद डब्यात महिनोन्‌महिने राहिले तर मऊपणा आणणारं रसायन पाझरतं आणि कडक भागावर वितळल्यासारखा डाग पडतो. मध्ये कागद घाला. पांढरे भाग थेट ऊन लागणाऱ्या खिडकीत पिवळे पडतात, स्टिकरचे कोपरे उचलतात.

जुना माल घेत असाल तर सोनेरी झाक असलेल्या प्लास्टिककडे नीट बघा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकापर्यंतच्या काही खेळण्यांतलं हे चमचमतं सोनेरी प्लास्टिक वयानुसार आपोआप ठिसूळ होतं आणि नुसत्या रूपांतरातही चुरतं. त्यावर उपाय नाही. असा रोबो हलवायचा नाही, फक्त बघायचा.

फोटो

पांढऱ्याऐवजी करडा किंवा फिकट निळा कार्डशीट, भिंतीला मागून वर वळवलेला. उत्तरेच्या खिडकीचा उजेड उत्तम, आणि ट्यूबलाइट बंद, म्हणजे रंगांची सरमिसळ होत नाही. मोबाइल दीड मीटर मागे नेऊन दुप्पट झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत पावलं राक्षसी आणि डोकं बारकं दिसतं. मापासाठी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिमी. फोटोआधी मऊ ब्रश फिरवा, आपल्याकडचा फुफाटा काळ्या प्लास्टिकवर आधी दिसतो.

लिहायला बसल्यावर

एकच गुण देऊ नका. गाडी, रोबो, हातपाय आणि मोठं रूप यांचं वेगवेगळं मत द्या, कारण वाचकाची गरज वेगळी असते. कुणाला शोकेसमध्ये ठेवायचं असतं, कुणाला सहा वर्षांच्या मुलाला द्यायचं असतं. संच कुणी फुकट दिला असेल तर पहिल्याच परिच्छेदात सांगा. किती रूपांतरांनंतर लिहिताय तेही सांगा. दहाच्या आत असेल तर ‘टिकाऊ’ हा शब्द वापरू नका.

यात्रेतल्या बिननावाच्या संचांना वेगळ्या काट्याने तोला. तिथे फटी आणि रंग यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी तपासा: कडा बोटाला लागतात का, छोटा भाग ओढून निघतो का, आणि चकाकीचा मुलामा नखाने सुटतो का. छोटा भाग निघत असेल तर ‘तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नये’ हे वाक्य शीर्षकाखालीच टाका. चुंबक निघत असेल तर कोणत्याच लहान मुलाला नको: दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

महिन्याने संच परत जोडा, आडव्या हाताची तीच चाचणी घ्या आणि नवा आकडा तारखेसह रिव्ह्यूच्या खाली जोडा. जुना आकडा खोडू नका.